मारुती चौकातल्या झेरॉक्सवाल्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या दुकानाच्या पाटीवर कुणाचंच नाव नाही, नुसतं 'झेरॉक्स, लॅमिनेशन, ऑनलाईन फॉर्म'. म्हणून मीही नाव लिहीत नाही. मारुती चौकाच्या आसपास राहणाऱ्यांना बरोबर कळेल. समोर येऊन आभार मानायला लागलो की तुम्ही "बास झालं ओ, मागं लाईन लागलीय" म्हणता. म्हणून हे चारचौघांत लिहितोय. इथं तुम्हाला मधेच तोडता येणार नाही.

वाचणाऱ्यांसाठी थोडं आधीचं. आमचा मार्केट यार्डात मसाल्याचा धंदा. सांगली म्हणजे हळद खरं, पण मसालेवाल्याचं नुसत्या हळदीवर भागत नाही. दालचिनी आणि चक्रीफूल आम्ही व्हिएतनामहून आणतो. दालचिनी येन बायकडची, चक्रीफूल लांग सोनचं. त्या निमित्तानं फोनाफोनी, मग दोन-तीन फेऱ्या, आणि तिकडच्या कंपनीत निर्यातीची कागदं बघणारी जी मुलगी माझ्या ईमेलातल्या चुका काढायची, तिच्याशीच लग्न ठरलं. घरी काय काय झालं ते सोडून देऊ. आईनं "आता करते काय" म्हणून होकार दिला, एवढं पुरे.

गंमत बघा. ती डोळे मिटून बिल ऑफ लेडिंग, म्हणजे जहाजावर माल चढवल्याची पावती, तपासणारी, मी न्हावा शेवा बंदरातून माल सोडवण्यात केस पांढरे केलेला. आणि दोघंही अडकलो स्वतःच्या लग्नाच्या कागदांत.

जुलै २०२४. विशेष विवाह कायदा १९५४ चा. त्यात आधी नोटीस द्यायची, ती कार्यालयाच्या फलकावर लागते, ३० दिवसांत हरकत आली नाही की मग लग्न. त्या नोटिशीच्या प्रती काढायला आम्ही पहिल्यांदा तुमच्याकडे आलो. बाहेर पाऊस धो धो, कृष्णा चढत होती, आणि तुम्ही तिचा अविवाहित असल्याचा दाखला हातात घेऊन उलटा केलात. तिच्या गावच्या कार्यालयानं दिलेला, त्यावर त्यांच्या परराष्ट्र खात्याचा आणि हनोईतल्या आपल्या दूतावासाचा शिक्का. "शिक्का मागं हाय. मागची बाजू कोण काढणार?" आम्ही दोघं कागदातले तज्ज्ञ एकमेकांकडे बघत राहिलो.

झेरॉक्स दोन प्रती मागितल्या होत्या. तुम्ही आमचा प्रत्येक कागद दोन्ही बाजूंनी स्कॅनही केलात, पेन ड्राईव्हवर दिलात आणि एक संच स्वतःच्या घरच्या कॉम्प्युटरवर ठेवलात, वरच्या मजल्यावर. कशाला म्हणून विचारलं तर तुम्ही भिंतीकडे बोट केलंत. रंगाच्या खाली अजून पुसट दिसते ती रेघ. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५. कर्जावर घेतलेलं मशीन तेव्हा बुडालं. दुसरं घेतलंत, २०२१ च्या जुलैत परत पाणी. "मशीन परत घेता येतंय, लोकांचे दाखले न्हाई" असं म्हणून तुम्ही पुढच्या गिऱ्हाइकाचं आधार कार्ड काचेवर पालथं घातलंत.

लग्नाला तीन साक्षीदार लागतात. दोन होते, तिसरे आमचे एक नातेवाईक ऐन दिवशी 'तब्येत बरी नाही' म्हणाले. (तब्येत उत्तम होती, संध्याकाळी कट्ट्यावर दिसले.) मी फोटो छापायला धावत आलो तेव्हा तुमच्यापाशी हे सहज बोललो. तुम्ही शटर ओढलंत, पदर सारखा केलात आणि रिक्षात बसलात. सही करताना तेवढं म्हणालात, "पोरगीला मराठी येत न्हाई, पण हात थरथरत न्हाई बगा."

चार दिवसांनी मी विवाह प्रमाणपत्र लॅमिनेशनला घेऊन आलो. माझ्या दृष्टीनं ते भिंतीवर लावायचं होतं. तुम्ही नाही म्हणालात. लॅमिनेशनचे पैसे मिळत असताना नाही म्हणणारं दुकान मी आजवर दुसरं पाहिलेलं नाही. "यावर अजून शिक्के बसायचेत. प्लॅस्टिकवर कोण शिक्का मारतंय?"

ऑगस्टअखेर ती परत गेली, कारण पत्नी म्हणून प्रवेश व्हिसा तिकडून, हनोईच्या दूतावासातून घ्यायचा होता. ७ सप्टेंबरला यागी वादळ उत्तर व्हिएतनामवर आदळलं. येन बायमध्ये लाल नदी, तिकडं तिला थाओ म्हणतात, घराघरांत शिरली. दोन दिवस फोन लागला नाही. तिसऱ्या दिवशी लागला तेव्हा माणसं सगळी सुखरूप होती. कागदांची पेटी मात्र पाण्यात होती.

मी काहीही सुचत नव्हतं म्हणून तुमच्या काउंटरवर येऊन उभा राहिलो. तुम्ही माझा फोन घेतलात, तिला व्हिडिओवर बघितलंत, आणि मला म्हणालात, "सांगा तिला. कागद ओढून सोडवायचे न्हाईत. उन्हात न्हाई टाकायचे, शाई उडती आन् कागद वाकतोय. दोन कागदांच्या मधी कोरा कागद घालायचा, तो ओला झाला की बदलायचा. पंखा लावायचा, पण लांब." मी इंग्रजीत सांगत होतो, ती तिच्या आईला व्हिएतनामीत. मारुती चौकातलं ज्ञान असं दोन भाषांतून येन बायला पोचलं. प्रमाणपत्र सुरकुतलं, पण अक्षर न् अक्षर राहिलं. जन्मदाखला गेला. त्याचा स्कॅन तुमच्या वरच्या मजल्यावर होता, तो दाखवून तिनं तिकडे नवीन दाखला काढला.

पुढची चूक सर्वस्वी माझी. व्हिएतनामी नावात आडनाव आधी येतं, स्वतःचं नाव शेवटी, आणि बायकांच्या नावात मधे बऱ्याचदा 'थी'. अर्ज भरताना मी सवयीनं मधल्या रकान्यात तिच्या वडिलांचं नाव टाकलं. कुणाच्याच नजरेत आलं नाही. त्यामुळे प्रमाणपत्रावर अशा बाईशी माझं लग्न झालं होतं जी पासपोर्टावर नव्हतीच. (नोटीस द्यायला गेलो तेव्हा रांगेतल्या एकानं 'थी' वाचून "थी? म्हणजे आता नाही?" असं विचारलं होतं. ती समोरच बसली होती.)

दूतावासातून खुलासा मागितला गेला. मला वाटलं, सगळं परत पहिल्यापासून. तुम्ही म्हणालात, आधी विचारून तर या. विचारलं. मूळ नोंद खोडत नाहीत, समासात दुरुस्ती लिहून अधिकारी सही करतात आणि तशीच नोंद प्रमाणपत्रावरही करतात. नवरा-बायको हजर नसतील तर दोन साक्षीदार लागतात. प्रमाणपत्र दालचिनीच्या नमुन्यांबरोबर कुरिअरनं सांगलीला आलं, वासासकट. वर एक प्रतिज्ञापत्र. नुकताच १०० चा स्टॅम्प बंद होऊन ५०० चा झाला होता, त्याबद्दल तुम्ही सरकारला जे बोललात ते इथं लिहीत नाही. साक्षीला परत तुम्हीच. मी थट्टेनं म्हणालो, लॅमिनेशन केलं असतं तर पाण्यातून तरी वाचलं असतं. "आन् ही सही कुठं घेतली असती, तुमच्या कपाळावर?"

मग नुसती वाट बघणं. त्याच्याबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. हनोईचं घड्याळ आपल्या दीड तास पुढं, त्यामुळे माझं जेवण होईस्तोवर ती झोपायला निघालेली असायची. दिवसातून दहा वेळा अर्जाची स्थिती बघायची, दहाही वेळा तेच. यार्डात, कट्ट्यावर, लग्नाच्या पंगतीत, अख्खी सांगली विचारत होती, "आला का व्हिसा?" तुम्ही एकदाही विचारलं नाही. रोज संध्याकाळी दुकानावरून जाताना मी मान हलवायचो, तुम्ही मान हलवायचात. तेवढ्यावर ते महिने निघाले.

जानेवारीत व्हिसा आला. टेट, म्हणजे त्यांचं नवं वर्ष, २९ जानेवारीला होतं. तेवढं आईजवळ करून ती फेब्रुवारीत आली. रात्री नऊला घरी पोचलो. परदेशी माणूस घरी उतरलं की घरमालकाला तेव्हा २४ तासांत फॉर्म सी भरावा लागायचा, हे वडिलांना तुम्ही आठवडाभर आधी सांगून त्यांची नोंदणी करून ठेवली होती. तरी तुम्ही अर्धं शटर वर ठेवून बसला होतात. "उद्या लाईट गेली तर?" पोलिसांकडची १४ दिवसांच्या आतली नोंदणीही तुम्हीच करून दिलीत.

आता ती तुमच्या दुकानात एकटी येते. 'दोन्ही बाजूंनी' हे तिचं पहिलं धड मराठी वाक्य, ते तुमच्याकडून उचललेलं. ऑगस्ट २०२६ मध्ये लग्नाला दोन वर्षं होतील, मग ओसीआयचा, म्हणजे भारताच्या परदेशी नागरिक कार्डाचा, अर्ज करता येतो. त्याची फाईल तिनं आत्ताच लावायला घेतली आहे.

आणि एक. तुमच्या वहीत माझ्या नावावर १४६ रुपये बाकी आहेत, मी उलटं वाचलंय. मागच्या वेळी तुम्ही ते पान पटकन मिटलंत. शनिवारी येतो, पैसे आणि पाव किलो दालचिनी घेऊन. दालचिनीला नाही म्हणू नका, सूनबाईनं स्वतः निवडलीय.

तुमचा,
यार्डातला मसालेवाला