न झालेल्या तासाचा 'ए' : शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

माननीय शिक्षणमंत्री महोदय,

स. न. वि. वि.

पत्रास कारण माझ्या नातीचं प्रगतिपत्रक. ती इथे बडोद्यात सहावीत आहे. परवा शनिवारी प्रगतिपत्रक घरी आलं. गणित 'बी', विज्ञान 'बी' आणि अगदी खाली, चित्रकला 'ए'. मला आनंद झाला. म्हटलं, "वर्षभरात काय काय काढलंत गं?" ती म्हणाली, "आजी, ड्रॉइंगचा तास कधी झालाच नाही. त्या तासाला गणिताच्या बेन येतात." मग हा 'ए' आला कुठून? परीक्षेच्या आदल्या आठवड्यात घरून एक चित्र काढून आणायला सांगितलं होतं. हिने मोबाइलवर बघून मोर काढला. ज्यांनी चित्र दिलं त्यांना 'ए', ज्यांनी दिलं नाही त्यांनाही 'ए'.

महोदय, मी एकतीस वर्षं चित्रशिक्षिका होते. नातीला चित्रकलेत नापास केलं असतं तरी मला एवढं लागलं नसतं. नापास करायलासुद्धा कुणाला तरी वही उघडून बघावी लागते.

माझी स्वतःची नोकरी दुसऱ्या शाळेत झाली. तिचं नाव लिहीत नाही, कारण तिथली माणसं वाईट नव्हती. मी निवृत्त झाले त्या समारंभाला तुमच्या खात्याचे एक साहेब आले होते. नारळ-शाल देऊन झाल्यावर माइकवर म्हणाले, "बेनची जागा येत्या जूनमध्ये भरू." टाळ्या झाल्या. मी त्यांच्या शब्दावर विसंबून कपाटाच्या किल्ल्या, रंगांची यादी, कोणत्या मुलीचा हात चांगला आहे त्याची टिपणं, सगळं नव्या शिक्षकासाठी पाकिटात घालून ठेवलं. सहा जून आले आणि गेले. ते पाकीट कुणी उघडलं नाही.

त्यानंतर चित्रकलेची खोली उत्तरपत्रिका ठेवायला हवी झाली. ती रिकामी केल्याचं मला कळलं ते दांडिया बाजारात, भंगारवाल्याच्या हातगाडीवर. लोखंडी खुर्च्यांच्या खाली, मुलांपुढे चित्र काढायला ठेवायची तो माझा प्लास्टरचा पाय होता. ओळखायला क्षणभरसुद्धा लागला नाही. एका मुलाच्या हातून पडून अंगठ्याचा टवका उडाला होता, तो मीच चिकटवला होता. जोडाची पिवळी रेघ तशीच होती. घोट्याजवळ पेन्सिलीचे काळे डाग होते. सावली नेमकी कुठे संपते ते मुलं बोटाने चाचपून बघायची आणि बोटाला शिसं लागलेलं असायचं. वर्षाला पन्नास धरले तरी दीड हजार मुलं त्या एका पायावर शेडिंग शिकली. मी तीस रुपयांना तो परत घेतला आणि भर रस्त्यात उभी राहून रडले. घरी कुणाला सांगितलं नाही, आज तुम्हाला सांगते आहे.

तुम्ही म्हणाल, सगळ्यांना थोडंच चित्रकार व्हायचंय? नाहीच व्हायचं. हे मला एकतीस वर्षं पालकांनी ऐकवलं आणि त्यांना दिलेलं उत्तर तुम्हालाही देते. चित्रकलेचा तास बघायला शिकवण्यासाठी असतो. मी सातवीच्या मुलांना कमाटी बागेत न्यायची आणि वडाचं एकेक पान हातात देऊन वीस मिनिटं नुसतं बसवायची. पहिली पाच मिनिटं खोड्या, चिमटे. मग हळूहळू शांत व्हायची. एक मुलगा म्हणाला, "बेन, पान वरून गर्द आहे आणि मागून फिकं. आणि शेंड्याचं जे मिटलेलं आहे ना, ते हिरवं नाहीच, लालसर आहे." त्याच्या रंगपेटीत हिरवी वडी एकच होती. त्या दिवशी त्याने पहिल्यांदा तिच्यात पिवळा आणि तांबडा मिसळला.

पुढच्या महिन्यात याच मुलांना त्याच बागेतल्या संग्रहालयाच्या पिक्चर गॅलरीत नेलं. हाच मुलगा एका युरोपीय तैलचित्रापुढे बराच वेळ थांबला आणि म्हणाला, "हिचा झगा पांढरा दिसतो, पण त्यात पांढरा रंग फारच थोडा आहे. निळा आहे, राखाडी आहे, इथे तर पिवळासुद्धा आहे." मी काहीच शिकवलं नव्हतं त्या चित्राबद्दल. आज तो मकरपुऱ्यात एका कारखान्यात कास्टिंग, म्हणजे धातूचे ओतीव भाग, तपासतो. भेटला की सांगतो, "बेन, माल हातात घेतला की बारीक चीर मला आधी डोळ्याला दिसते." यालाच मी रसग्रहण म्हणते, महोदय. पुस्तकात त्याची व्याख्या काहीही असो.

आणि हे सगळं बुडतं आहे ते बडोद्यात! 1890 साली सयाजीरावांनी इथे कलाभवन काढलं. दादासाहेब फाळके तिथे शिकले. 1894 मध्ये संग्रहालयाची इमारत उभी राहिली. रविवर्म्याकडून महाराजांनी राजवाड्यासाठी पौराणिक चित्रं करवून घेतली. गायकवाड घराण्याच्या स्मारकाच्या, कीर्तिमंदिराच्या भिंतींवर बंगालचे चित्रकार नंदलाल बोस यांनी गंगावतरण आणि मीरेचं आयुष्य रंगवलं. 1950 मध्ये विद्यापीठात फाइन आर्ट्स सुरू झालं आणि इंदूरचे चित्रकार बेंद्रे इथे शिकवायला आले. ज्या राजाने 1906 साली राज्यभर प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, त्यानेच चित्रसंग्रह बागेत, लोकांच्या पायाखालच्या वाटेवर मांडला. त्याला अक्षरं आणि चित्रं वेगळ्या खात्यांत टाकावीशी वाटली नाहीत.

आज शाळेची सहल त्याच संग्रहालयात येते. देवमाशाचा सांगाडा बघतात, ममी बघतात आणि बाहेर बागेत पळतात. चित्रांच्या दालनापाशी शिक्षक म्हणतात, "चला, चला, इथे काही नाही." हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. त्या शिक्षकांना तरी काय बोलू? त्यांनाही कुणी शिकवलं नाही. तंबेकरवाड्याच्या भिंतींवरची चित्रं आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. माझ्या नातीच्या वर्गातल्या एकाही मुलाने ती पाहिलेली नाहीत.

कागदावर मात्र काही कमी नाही. 2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने सांगितलं, कला दहावीपर्यंत सक्तीची असावी. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीला शंभरावर मुलं असतील तर कलेसाठी अर्धवेळ शिक्षक हवा असं लिहिलं आहे. अर्धवेळ, आणि तोही शंभरावर! नव्वद मुलांच्या शाळेला डोळे नाहीत का? 2020 च्या धोरणात कला आणि विज्ञान यांच्यात भिंत नको म्हणून लिहिलं. मी प्रत्येक कागद वाचला आणि प्रत्येक वेळी विश्वास ठेवला. आठवड्याला दोन तास धरले तर वर्षाचे सत्तर-ऐंशी होतात. पहिलीपासून दहावीपर्यंत सात-आठशे तास. प्रत्येक मुलाचे. हे सातशे तास कुणी घेतले, महोदय? कोचिंग क्लासवाल्यांच्या फलकांवर मुलांचे फोटो बघते तेव्हा मला वाटतं, ते तास तिथे गेले. पालकांनी विचारलं नाही, शाळांनी सांगितलं नाही, तुमच्या खात्याने मोजलं नाही. आणि हीच न बघता वाढलेली मुलं उद्या जुन्या वाड्याचे कोरीव लाकडी खांब उतरवून विकायच्या कागदावर सही करतील. काही आत्ताच करताहेत.

माझं मागणं फार नाही. जागा भरा. भरेपर्यंत फाइन आर्ट्समधून शिकून निघालेल्या मुलामुलींना मानधन देऊन शाळाशाळांत पाठवा. याच शहरात कितीतरी जण कामाविना बसले आहेत. प्रत्येक वर्गाला वर्षातून दोनदा तरी चित्रांसमोर अर्धा तास बसू द्या. आणि तास झाला नसेल तर त्या रकान्यात 'तास झाला नाही' असं लिहायचा हुकूम काढा.

नातीच्या प्रगतिपत्रकावर सोमवारपर्यंत पालकांची सही मागितली आहे. सून सही करायला निघाली होती, मी तिच्या हातातून पेन काढून घेतलं. प्रगतिपत्रक टेबलावर आहे, त्या प्लास्टरच्या पायाखाली. तुमचं उत्तर येईपर्यंत तिथेच राहील.

आपली,
एक निवृत्त चित्रशिक्षिका
दांडिया बाजार, बडोदे