स्वयंपाकघरातील सरकत्या शटरच्या सदोष कामाबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग,
मॉड्युलर किचन विभाग.

विषय : ओट्याखालील कपाटांना बसवलेली सरकती शटर आराखड्याप्रमाणे नसल्याने ट्रॉल्या न उघडणे, तसेच सिलिंडरच्या कप्प्याची असुरक्षित रचना.

संदर्भ : आमच्या डोंबिवली (पूर्व) येथील सदनिकेचे काम, मंजूर आराखडा, कोटेशन आणि पूर्ण रक्कम भरल्याच्या पावत्या.

महोदय,

गुढीपाडव्याच्या दिवशी आगाऊ रक्कम भरून मी आपल्या कंपनीकडे आमच्या स्वयंपाकघराचे काम सोपवले. कामाची संपूर्ण किंमत 3,12,000 रुपये मी शटर बसवण्यापूर्वीच, आपल्या अटीप्रमाणे, चुकती केली आहे. काम पूर्ण होऊन आता साडेतीन महिने झाले. या काळात आपले कारागीर दोनदा येऊन गेले आणि दोन्ही वेळा दोष जसाच्या तसा ठेवून गेले. आपल्या ॲपवर मात्र माझी तक्रार मला न विचारता ‘निराकरण झाले’ असे लिहून बंद करण्यात आली. म्हणून हे लेखी पत्र.

सरकती शटर हा आमचा हट्ट नव्हता, ती गरज होती, हे प्रथम स्पष्ट करते. आमच्या स्वयंपाकघरात समोरासमोर दोन ओटे आहेत आणि त्यांच्यामध्ये जेमतेम 32 इंच जागा आहे. बिजागरीचे 18 इंची शटर उघडले की चालायला 14 इंच उरतात. माझ्या 74 वर्षांच्या सासूबाई त्याच जागेत स्टुलावर बसून भाजी निवडतात आणि उघड्या शटरची कड त्यांच्या गुडघ्याला दोनदा लागली. आपल्या डिझायनरने मोजमापे घेऊन सरकत्या शटरचा पर्याय सुचवला, तो आम्हाला पटला आणि आजही पटतो. ओट्यावरच्या, भिंतीतील कपाटाला आपण बसवलेली सरकती शटर उत्तम चालतात. त्यात नुसते आडवे फळ्यांचे कप्पे असल्याने एका वेळी अर्धेच कपाट उघडले तरी काही अडत नाही. माझी तक्रार ओट्याखालच्या कपाटांबद्दल आहे.

ओट्याखालच्या मुख्य कपाटाची आतील रुंदी 864 मिलीमीटर आहे. मध्ये उभी फळी घालून दोन्ही बाजूंना 15 इंची, म्हणजे 381 मिलीमीटर रुंदीच्या ट्रॉल्या बसवल्या आहेत. दोन शटर एकमेकांवर सुमारे 25 मिलीमीटर चढतात, हे धरले तर एक शटर पूर्णपणे दुसऱ्यामागे गेल्यावर साधारण 420 मिलीमीटर मोकळी जागा मिळायला हवी आणि ट्रॉली सहज बाहेर यायला हवी. मंजूर आराखड्यात म्हणूनच शटरच्या पातळीत बसणारी कन्सील्ड हँडल दाखवलेली आहेत. प्रत्यक्षात मात्र दोन्ही शटरना बाहेर आलेली उभी हँडल लावली गेली. मागच्या शटरचे हँडल पुढच्या शटरच्या कडेला आदळते, त्यामुळे शटर पूर्ण सरकत नाही आणि मोकळी जागा सुमारे 370 मिलीमीटरवर येते. 381 मिलीमीटरची ट्रॉली 370 मिलीमीटरच्या तोंडातून बाहेर काढायची कशी, हा प्रश्न मी आपल्या कारागिरांना टेप धरून विचारला. त्यावर ‘वापरून वापरून सैल होईल’ असे उत्तर मिळाले. रोलर सैल होऊ शकतो, पण हँडलची जागा बदलत नाही. आज ताटांची ट्रॉली बाहेर काढण्यासाठी आम्हाला पुढचे शटर उचलून ट्रॅकमधून काढावे लागते आणि रोजच्या या उचलाउचलीत त्याच्या खालच्या कडेचे लॅमिनेट निघू लागले आहे.

दुसरी गोष्ट खोलीची. दोन शटर आणि त्यांचे ट्रॅक कपाटाच्या आत घेतल्यामुळे कपाटाची उपयोगी खोली जवळपास दोन इंचांनी कमी झाली. सरकत्या शटरमध्ये हे होतेच, ते मला मान्य आहे. परंतु करारापूर्वी ते सांगणे आपले कर्तव्य होते. ते न सांगता कोटेशनमधील 20 इंच खोलीच्या ट्रॉल्यांऐवजी 18 इंची ट्रॉल्या बसवल्या गेल्या आणि पैसे मात्र 20 इंचींचे घेतले गेले.

सर्वांत गंभीर बाब सिलिंडरच्या कप्प्याची आहे. खालचा ट्रॅक बसवण्यासाठी या कप्प्याच्या तोंडाशी जमिनीपासून चार इंच उंचीची पट्टी ठोकली आहे. 14.2 किलो गॅसचा भरलेला सिलिंडर रिकाम्या टाकीच्या वजनासह 30 किलोच्या आसपास भरतो. तो पूर्वी आम्ही जमिनीवरून फिरवत आत नेत असू, आता प्रत्येक वेळी उचलून पट्टीपलीकडे ठेवावा लागतो. शिवाय स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तो खाली साचतो. त्यासाठी शटरला तळाशी हवा जाण्यायेण्याची भोके दाखवलेली होती, ती पाडलेलीच नाहीत आणि ती चार इंची पट्टी साचलेल्या वायूला जणू बांध घालते. घरात वृद्ध व्यक्ती आणि शाळेत जाणारे मूल असताना ही रचना मी एक दिवसही सहन करू इच्छित नाही. सध्या आम्ही त्या कप्प्याचे शटर काढून भिंतीला टेकवून ठेवले आहे.

सिंकखालच्या कपाटात ट्रॅकसाठी प्लायवूडला खाच पाडली, पण कापलेल्या कडा उघड्याच सोडल्या. त्या कडा आता फुगल्या आहेत. कोटेशनमध्ये आयएस 710 दर्जाचे, म्हणजे पाण्याला टिकणारे, मरीन प्लायवूड लिहिलेले आहे. ते खरोखर त्या दर्जाचे असेल तर तक्त्यावर आयएसआय चिन्ह आणि परवाना क्रमांक असणारच. तो शिक्का मला दाखवावा किंवा खरेदीचे बिल द्यावे. ट्रॅकमध्ये पीठ आणि डाळीचे दाणे अडकतात, ही सफाई आम्ही करतो आणि करत राहू. मात्र ‘ट्रॅकची सफाई ग्राहकाची जबाबदारी’ हे कारण पुढे करून वरील सर्व दोष वॉरंटीबाहेर ठरवणे योग्य नाही.

माझी मागणी अशी की, सिलिंडरच्या कप्प्याची पट्टी पत्र मिळाल्यापासून तीन दिवसांत काढून तेथे बिजागरीचे, तळाशी भोके असलेले शटर बसवावे, कारण त्या बाजूला समोर दुसरा ओटा नसून भिंत आहे आणि शटर उघडायला पुरेशी जागा आहे. मुख्य कपाटाची हँडल बदलून आराखड्याप्रमाणे कन्सील्ड हँडल लावावीत, लॅमिनेट निघालेली शटर नवीन द्यावीत, सिंकखालची फुगलेली फळी बदलावी आणि ट्रॉल्यांच्या किमतीतील फरक परत करावा. ही कामे पंधरा दिवसांत, कोणतेही जादा शुल्क न घेता व्हावीत आणि येणाऱ्या कारागिरासोबत ज्यांनी मोजमापे घेतली ते डिझायनर स्वतः असावेत. केवळ कारागीर पाठवून पुन्हा रोलरचे स्क्रू पिळून घेण्यास माझी तयारी नाही.

या मुदतीत काम न झाल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर (1915) नोंद करून, ग्राहक संरक्षण कायदा 2019 अन्वये सदोष वस्तू आणि सेवेतील त्रुटी या कारणांवरून जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन, याची कृपया नोंद घ्यावी. तशी वेळ येऊ नये अशी माझी मनापासून इच्छा आहे, कारण भिंतीवरच्या कपाटाचे काम पाहता आपले कारागीर हे काम नीट करू शकतात, याबद्दल मला शंका नाही.

सोबत मंजूर आराखडा, कोटेशन, पावत्या आणि टेप लावून काढलेली अकरा छायाचित्रे जोडली आहेत. आपण कोणत्या दिवशी येणार ते लेखी कळवावे.

आपली विश्वासू,
एक ग्राहक
डोंबिवली (पूर्व)