सांधा आधी पाहा, नक्षी नंतर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला अमेरिकेच्या लांब रायफलीवरचा लेख वाचला. ग्वाल्हेरच्या जुन्या घरांत भिंतीवर टांगलेली तोड्याची, म्हणजे पेटत्या वातीने उडवायची, बंदूक आजही क्वचित दिसते, तेव्हा हा विषय इथल्या वाचकाला परका वाटू नये. लेखातला इतिहास बराचसा नीट आहे. पण रायफल हाताने कशी घडवत हे सांगताना नळी आणि पितळेची नक्षी यांवर परिच्छेदच्या परिच्छेद आहेत, आणि लाकूडकामाची बोळवण 'मग कुंदा (बंदुकीचे लाकडी अंग) बसवला जाई' एवढ्या एका वाक्यात झाली आहे. कारागिराचा बहुतेक वेळ त्या एका वाक्यात जातो, म्हणून हे पत्र.

आधी एक खुलासा. भारतात परवान्याशिवाय कोणतीही बंदूक बनवणे, मग ती चकमकीची, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीने उडणारी, का असेना, १९५९ च्या शस्त्र कायद्याने गुन्हा आहे. पुढचे सगळे जाणून घेण्यासाठी आणि जुनी शस्त्रे सांभाळणाऱ्यांसाठी आहे, घरी करून पाहण्यासाठी नाही.

अठराव्या शतकात पेनसिल्व्हेनियात, विशेषतः लँकेस्टर परगण्यात, जर्मन आणि स्विस कारागिरांनी आपल्याकडची आखूड, जाड 'येगर' शिकारी रायफल लांब आणि बारीक केली. नळी ४२ ते ४६ इंचांवर गेली आणि तिचे तोंड अर्ध्या इंचाच्या आसपास किंवा त्याहून लहान झाले. यामागे हिशेब होता. एक पौंड शिशातून ०.६२ इंचाच्या नळीच्या साधारण २० गोळ्या निघतात, ०.४५ च्या पन्नासच्या आसपास. जंगलात आठवडेच्या आठवडे काढणाऱ्याला शिसे आणि बंदुकीची दारू पाठीवर वाहायची असते.

'या रायफलीने अमेरिकेचे स्वातंत्र्ययुद्ध जिंकले' हे लेखातले विधान मात्र सोडून द्यावे. तेल किंवा चरबी लावलेल्या कापडाच्या तुकड्यात गोळी गुंडाळून ती गजाने आत ढकलावी लागे, त्यामुळे भरायला साध्या मस्केटपेक्षा, म्हणजे आतून गुळगुळीत नळीच्या बंदुकीपेक्षा, जास्त वेळ लागे. शिवाय तिला संगीन बसत नसे. १७७७ साली साराटोगाला डॅनियल मॉर्गन यांच्या रायफलवाल्यांच्या जोडीला संगीनधारी हलके पायदळ द्यावे लागले ते याचसाठी. युद्धाचा मुख्य भार मस्केटवरच होता.

नळीबद्दल लेखात आलेच आहे, थोडी भर घालतो. लोखंडी पट्टी सळईभोवती वळवून टाकणखार टाकून भट्टीत जोडत. जोड मधून सुरू करून दोन्ही टोकांकडे, एका वेळी दोन-तीन इंच, असा नेत. जोडात राख किंवा पपडी अडकली की तिथे नळी कमजोर राहते आणि तो दोष बाहेरून दिसत नाही. सरळपणा तपासायला नळीतून दोरा ताणून आतल्या पृष्ठभागावरची त्याची सावली पाहत. आतले पेचदार चर बहुधा ४८ इंचांत एक फेरा या मापाचे असत, म्हणजे गोळी बाहेर पडेपर्यंत एक पूर्ण फेराही होत नसे. आज ही रायफल घडवणारे अमेरिकेतले बहुतेक कारागीर नळी आणि लॉक, म्हणजे ठिणगी पाडून बार उडवणारी बाजूची यंत्रणा, तयार घेतात. व्हर्जिनियातल्या विल्यम्सबर्गच्या जुन्या पद्धतीच्या बंदूकशाळेसारखी सगळे हाताने करणारी ठिकाणे मोजकी. तयार नळी घेणाऱ्याला कमी लेखण्याचे कारण नाही, कारण पुढचे काम तेवढेच अवघड राहते.

आता लाकूड. लांब रायफलीचा कुंदा मुख्यतः पट्टेदार मेपलचा. काही भागांत काळा अक्रोडही वापरत. फळी अडीच इंच जाडीची आणि कित्येक वर्षे हवेत वाळलेली हवी. फळीवरचे पट्टे पाहून भाळू नये. आधी पाहायचे ते मनगटाशी, म्हणजे हात धरतो त्या बारीक जागी, लाकडाचे तंतू कसे धावतात ते. ते मनगटाच्या लांबीला धरून, दस्त्याकडे, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या टोकाकडे, किंचित उतरत गेले पाहिजेत. आडवे कापले गेले तर रायफल नुसती पडली तरी तिथेच मोडते. जुन्या रायफलींत मनगटावर पितळी पत्रा किंवा कच्च्या चामड्याची गुंडाळी दिसली, की बहुधा ही मोडतोड झालेली असते. पट्टेदार मेपलचा दुसरा त्रास असा की त्याचे तंतू लाटांसारखे वर-खाली जातात. रंधा मारला की ढलप्या उपटून येतात. त्यामुळे शेवटचे काम पोलादी पात्याने खरवडून करत. पटाशी जरा बोथट असली तरी हे लाकूड लगेच दाखवून देते.

कामाचा क्रम सहसा असा असतो. आधी नळी, मग नळीच्या मागच्या बुचाची शेपटी, मग गजाची खोबण आणि भोक, मग लॉक, मग चाप, दस्त्याची पितळी टोपी आणि चापाखालची कमान. कुंद्याला बाहेरून आकार त्यानंतर. नवशिके आधी बाहेरून सुबक आकार देतात आणि मग धातू बसवायला जातात. तोवर हाताशी लाकूडच उरलेले नसते.

धातू लाकडात बसवण्याची पद्धत सांगायला सोपी आहे. काजळी तेलात कालवून भागाच्या खालच्या बाजूला पातळ लावायची, भाग जागेवर दाबायचा, उचलायचा. लाकडावर जिथे काळे उमटले तेवढेच, कागदाइतके पातळ, पटाशीने काढायचे. पुन्हा काजळी, पुन्हा दाब. आठ पैलूंची नळी अशी शेकडो वेळा आत-बाहेर होते. दोन गोष्टी नेहमी चुकतात. काजळी जाड लावली की ती कडांना पुसली जाते आणि जिथे धातू टेकतही नाही तिथले लाकूड निघते. दुसरे, धातूच्या कडा काटकोनात ठेवल्या की भाग बसताना खाचेची धार चेपते किंवा उचलताना ढलपी निघते. म्हणून बसवायच्या आधी कडांना कानसीने किंचित आतला उतार देतात. मग भाग शेवटच्या क्षणी घट्ट होतो आणि रेघ स्वच्छ राहते. खाच मोठी झाली तर लाकडाचा भुसा आणि सरस भरून ती लपवता येते, पण पाच-सात पावसाळ्यांत रेघ पुन्हा दिसते.

गजाच्या भोकाला कारागीर सगळ्यात जास्त भितात, आणि ते बरोबरच आहे. कुंद्याच्या पुढच्या भागात गजाची उघडी खोबण असते. मागच्या दहा-बारा इंचांत मात्र लाकडाच्या पोटातून ३/८ इंचाचे भोक पाडावे लागते. नळीची खाच आणि हे भोक यांच्यामध्ये साधारण १/८ इंच लाकूड राहावे. लांब गिरमिट तंतूंच्या मागे जाते. वर सरकले की नळीच्या खाचेत निघते, खाली सरकले की कुंद्याचा तळ फुटतो. त्या भीतीने मधले लाकूड पाव इंच ठेवले, तर पुढचा भाग जाडजूड होतो आणि रायफलीची सगळी चण बिघडते. याच पट्ट्यातून लॉकचा पुढचा स्क्रूही आरपार जातो. त्याला जागा मिळत नाही म्हणून कित्येक जुन्या रायफलींत स्क्रूला बाजूने खाच घातलेली आढळते. हा दोष समजू नये, तो व्यवहार आहे.

लॉक कुठे बसवायचे हे डोळ्यांनी ठरत नाही. नळीच्या बुचाचे आतले टोक कुठे संपते याची खूण नळीच्या बाजूवर करायची. कान, म्हणजे बत्तीचे छिद्र, त्या खुणेच्या जरा पुढे येते, आणि रंजकाच्या (ठिणगीने आधी पेटणाऱ्या बारीक दारूच्या) वाटीचा मध्य कानासमोर. कान बुचावरच उघडला तर बुचाला खाच द्यावी लागते, तिथे काजळी साचते आणि बार फुसका जातो. म्हणजे नळी पाव इंच मागे-पुढे बसली तर लॉक, चाप, कमान सगळेच सरकते. चापाची पिन आत उंच आणि लॉकमधल्या अडकवणीच्या दांडीजवळ, म्हणजे चाप जिला ढकलतो तिच्याजवळ, ठेवतात. लांब गेली की चाप जड होतो आणि मग लोक लॉकलाच दोष देतात. चकमक जिच्यावर घासते ती पोलादी झडप नीट कडक केलेली नसली, तर ठिणगी पडत नाही. नवी कानस तिच्यावरून घसरली पाहिजे, रुतता कामा नये.

नळी लाकडात तीन-चार बारीक आडव्या पिनांनी धरलेली असते. नळीखालच्या ज्या कड्यांतून या पिना जातात, त्यांची भोके गोल न ठेवता लांबट करावी लागतात. हवेप्रमाणे लाकूड हलते, लोखंड हलत नाही, आणि गोल भोक असले की कुंदा पिनेपाशी चिरतो. आपल्याकडच्या तोड्याच्या बंदुकीत हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला आहे. तिथे नळी आणि कुंदा पट्ट्यांनी, तारेने किंवा चामड्याने बाहेरून बांधलेले असतात, त्यामुळे लाकडाला हलायला मोकळीक मिळते. मे महिन्यात ४५ अंश आणि जुलैत भिंतींना ओल अशा ग्वाल्हेरच्या हवेत आम्हाला ही बांधणी जास्त शहाणपणाची वाटते.

नक्षीबद्दल एकच सांगतो. गालाजवळचे आणि बुचाच्या शेपटीमागचे उठावाचे कोरीव काम फार तर मिलिमीटरभर उंच असते. त्यासाठी आकार देतानाच तेवढे लाकूड राखून ठेवावे लागते. मागाहून सुचून उठाव करता येत नाही, तेव्हा फक्त रेघा ओढता येतात.

मेपल मूळचे जवळजवळ पांढरे असते. त्या तांबूस तपकिरी रंगासाठी पाण्याने पातळ केलेल्या तेजाबात, म्हणजे नायट्रिक अॅसिडमध्ये, लोखंड विरघळवून ते लाकडाला लावत, वाळू देत आणि मग तापवलेली सळई लाकडाला न टेकवता जवळून फिरवत. करडा-हिरवट रंग डोळ्यांदेखत तांबडा होतो. त्यानंतर धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने आम्ल मारावे लागते. ते राहिले तर लाकूड काळवंडते आणि स्क्रू आतून गंजतात. वरून जवसाच्या तेलाचे पातळ हात, प्रत्येक हात वाळल्यावरच पुढचा.

हे सांगण्यामागे इथला एक व्यवहारही आहे. घरातली जुनी बंदूक 'साफ' करताना लोक नेमका लाकूड आणि धातू यांचा हा सांधाच घालवतात. चांगल्या कामात लाकूड धातूच्या बरोबरीने किंवा केसभर वर असते. धातूच्या कडा लाकडाच्या वर आलेल्या दिसल्या, तर कोणीतरी सँडपेपर फिरवला असे समजावे. ते लाकूड परत येत नाही. पितळ चिंचेने घासले की आंबट पाणी सांध्यात उतरते, हिरवा गंज धरतो आणि लाकडावर काळा डाग पडतो. बाजारातल्या पॉलिशची पांढरी पूड कोरीव रेघांत घट्ट बसते. नळीवरचा जुना तपकिरी थर घासून चकाकवू नये. मऊ कोरडे कापड पुरे. बंदूक स्वयंपाकघराच्या किंवा कूलरच्या भिंतीवर टांगू नये.

आणि हात लावण्याआधी ती भरलेली नाही ना हे पाहावे. जुन्या तोंडाकडून भरायच्या बंदुका भरलेल्याच राहिल्याचे अनेकदा आढळते. तोंडासमोर न उभे राहता बाजूने बारीक लाकडी काठी हलकेच आत सोडावी, तोंडापाशी खूण करावी आणि ती काठी बाहेरून नळीला लावून पाहावी. टोक कानापर्यंत पोहोचत नसेल तर आत काहीतरी आहे. उकरू नये, पोलिसांना कळवावे. शस्त्र कायद्याच्या कलम ४५ मधली सूट दुरुस्त करूनही चालणार नाही अशाच जुन्या शस्त्राला आहे. हौसेने लॉक चालू करून घेणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखालीही येते आणि ती खासगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाही.

शेवटी, लेखासोबतच्या छायाचित्राखाली 'चकमकीची रायफल' असे छापले आहे. चित्रात रंजकाची वाटी नाही, झडप नाही. नळीच्या उजव्या बाजूला आट्यांनी बसवलेले छोटे नळकांडे आणि त्यावर टोपीची (आघाताने पेटणाऱ्या छोट्या धातूच्या टोपीची) कांडी दिसते. लॉकच्या पट्टीवर बुजवलेली भोकेही दिसतात, ती काढून टाकलेल्या झडपेच्या स्प्रिंगची. म्हणजे रायफल मुळात चकमकीचीच होती, पण एकोणिसाव्या शतकात टोपीच्या बाराची करून घेतलेली. चित्राखालची ओळ तेवढी दुरुस्त करावी.

आपले,
जुन्या शस्त्रांचे लाकूडकाम करणारे दोन वाचक
लष्कर, ग्वाल्हेर