एकोणऐंशी हे उत्तर बरोबर होतं: आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. लोकस्वास्थ्य व वैद्यकीय शिक्षण मंत्री,
मध्य प्रदेश शासन, भोपाळ

महोदय,
सादर नमस्कार.

मी इंदूरच्या रामबागेत राहते. सत्तावीस वर्षं महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवलं, त्यातली बरीचशी मानसिक चाचण्यांच्या पेपरात गेली. हे पत्र मराठीत लिहिते आहे, कारण विषयच तो आहे. हिंदी प्रत सोबत पाठवली आहे.

मागच्या वर्षी गोकुळाष्टमीनंतर दोन दिवसांनी आमच्या भागात ज्येष्ठांच्या स्मरणशक्तीची तपासणी करणारं शिबिर झालं. माझी आई ८४ वर्षांची आहे. मीच तिला हात धरून घेऊन गेले. टेबलामागे टॅब घेऊन एक तरुण मुलगी बसली होती. वागायला गोड होती, तिच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. मी मागच्या खुर्चीत गप्प बसले. चाचणी चालू असताना नातेवाइकांनी तोंड उघडायचं नाही, हे मीच वर्गात शिकवत आले आहे.

"कौन सा महीना चल रहा है, अम्माजी?" आई म्हणाली, "श्रावण." मुलीने भिंतीवरच्या पंचांगाकडे पाहिलं, "भादों लग गया," म्हणाली आणि शून्य दिलं. आमचा महिना अमावास्येला संपतो, उत्तरेकडचा पौर्णिमेला. गोकुळाष्टमी आमच्याकडे श्रावण वद्य अष्टमी, तर शेजारच्या हिंदी घरात तीच भाद्रपद कृष्ण अष्टमी. इंदुरात ही दोन्ही पंचांगं पिढ्यान्‌पिढ्या भिंतीला भिंत लावून राहत आली आहेत.

मग शंभरातून सात-सात वजा करायला सांगितलं. आईला हिंदी उत्तम येतं, साठ वर्षं बाजारहाट तिने हिंदीतच केला. पण हिशेब मनात मराठीतच चालतो. पदराचं टोक बोटाला गुंडाळत ती म्हणाली, "त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी..." मुलीने थांबवलं, "नवासी?" म्हणजे हिंदीतले एकोणनव्वद. आईला वाटलं आपल्याच ऐकण्यात काही चुकलं. तिने मान डोलावली आणि पुढचं बोललीच नाही. तीन गुण गेले.

"अपनी आँखें बंद कीजिए" असं लिहिलेला कागद समोर धरला. आईने तो स्वच्छ आवाजात वाचला आणि परत दिला. वाचून तसं करायचं आहे, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. शेवटी मनाने एक वाक्य लिहायचं होतं. तिने लिहिलं, "आज दशमी आहे, उद्या माझा उपास." मुलीला 'उद्या' हा शब्द लागला नाही. शून्य.

तारीख मात्र तिची खरोखर चुकली, आणि लक्षात ठेवायला दिलेल्या तीन शब्दांपैकी दोन आठवले नाहीत. ते तीन गुण तिचेच गेले, मला मान्य आहे. एकूण ३० पैकी २१ गुण आणि 'स्मृतिभ्रंशाची शंका' अशी चिठ्ठी हातात. मी नंतर सगळं समजावून सांगितलं, तर उत्तर मिळालं की एकदा नोंद गेली की टॅबमध्ये बदल होत नाही.

साहेब, ही चाचणी मार्शल फोल्स्टीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ साली अमेरिकेत तयार केली. ती चांगली आहे, मी ती शिकवली आहे. २४ पेक्षा कमी गुण म्हणजे शंका, असा संकेत तिच्याभोवती रूढ झाला. पण १९९३ साली तिकडच्याच अठरा हजारांहून अधिक प्रौढांचे गुण तपासले, तेव्हा शाळेत चार किंवा त्याहून कमी वर्षं गेलेल्यांचा मध्यांक, म्हणजे बरोबर मधला गुण, निघाला २२, आणि नऊ किंवा त्याहून जास्त वर्षं शिकलेल्यांचा २९. अमेरिकेतल्या माणसाला जर शाळेचा एवढा फरक पडतो, तर चौथी शिकलेल्या माझ्या आईला २४ चीच रेघ लावायची कशी?

याचं उत्तर आपल्या देशात केव्हाच शोधलं गेलं आहे, म्हणून जास्त वाईट वाटतं. हरियाणातल्या बल्लभगढच्या खेड्यांमध्ये मेरी गांगुली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच चाचणीचं हिंदी रूप घडवलं. ते १९९५ साली प्रसिद्ध झालं. त्यांनी नुसता तर्जुमा केला नाही. न शिकलेल्या म्हातारीला वाक्य लिहायला लावण्याऐवजी घराबद्दल काही सांगायला सांगितलं. डोळे मिटण्याचा कागद काढून टाकला. तपासणाऱ्याने स्वतः डोळे मिटायचे आणि समोरच्याने तसंच करायचं, असं ठरवलं. आणि त्याही आधी, १९४० साली, व्ही. व्ही. कामतांचं भारतीय मुलांची बुद्धी मोजण्यावरचं पुस्तक आलं. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ बिनेची बुद्धिमापनाची चाचणी त्यांनी मराठी आणि कानडी मुलांवर नव्याने बेतली होती. बिनेने ती मुळात १९०५ साली पॅरिसमध्ये केली, ती कोणत्या मुलाला जास्त मदत लागेल हे ओळखण्यासाठी. कोणावर शिक्का मारण्यासाठी नव्हे.

मनाच्या आजारांच्या प्रश्नावलीत हा घोळ आणखी खोल जातो. पीएचक्यू-९ या नैराश्य ओळखण्याच्या प्रश्नावलीत नऊ प्रश्न असतात. गेल्या दोन आठवड्यांत त्रास किती वेळा झाला, त्यावर प्रत्येकाला ० ते ३ गुण. बेरीज १० किंवा वर गेली की पुढे नीट तपासायचं. त्यातले पहिले दोन प्रश्न आपल्या आशा दीदी घरोघरी जाऊन विचारतात. आमच्या गल्लीतल्या एका काकूंना मी स्वतः "नहीं नहीं, सब ठीक है" म्हणताना ऐकलं आहे. आशा दीदी फाटकाबाहेर गेल्यावर त्याच मला म्हणाल्या, "अगं, करमतच नाही. कशातच राम वाटत नाही." पहिला प्रश्न नेमकं हेच विचारतो, की कशात रस, आनंद वाटेनासा झाला आहे का. पण हिंदीत विचारलं की त्या पाहुण्याला उत्तर देतात, आणि पाहुण्याला कोणी घरातलं दुखणं सांगत नाही.

नवव्या प्रश्नाबद्दल तर मला भीतीच वाटते. तो मरणाच्या आणि स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. "आता देवानं न्यावं" हे आमच्या आज्या चहाचा कप खाली ठेवतानासुद्धा म्हणतात. बहुतेकींच्या तोंडची ती सवय असते. एखादीची मात्र नसते, आणि ती ओळखायला आवाजाचा पोत कळणारा माणूस समोर हवा. शिवाय हा प्रश्न मुलगा-सून शेजारी उभे असताना विचारायचा नसतो. मी तो तसा विचारलेला पाहिला आहे.

झिंबाब्वेमध्ये संशोधकांनी लोक स्वतःच्या दुखण्याला कोणते शब्द वापरतात ते आधी ऐकलं आणि त्यातून १४ प्रश्न तयार केले. 'फार विचार येतात' ही तिथल्या माणसांची तक्रार तशीच्या तशी त्यात आहे. आपल्याकडे 'जीव घाबरतो', 'घालमेल होते', 'डोकं जड झालं' एवढी भरलेली भाषा आहे. ती कागदावर का येत नाही?

माझं मागणं फार खर्चाचं नाही. पीएचक्यू-९ चा मराठी तर्जुमा उपलब्ध आहे आणि तो वापरायला पैसे पडत नाहीत. तो आधी रामबाग, लोकमान्य नगर, राजेंद्र नगर इथल्या पन्नास-साठ ज्येष्ठांसमोर ठेवा आणि प्रत्येक प्रश्नाचा त्यांनी काय अर्थ घेतला ते विचारा. आमची मराठी पुण्याची नाही, तिच्यात माळवा मिसळलेला आहे, त्यामुळे शब्द बदलावे लागतील. मग तेच ज्येष्ठ मानसोपचारतज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासावेत आणि आमची रेघ कुठे पडते ते पाहावं. देवी अहिल्या विद्यापीठ याच शहरात आहे, बाणगंगेचं मानसिक रुग्णालयही. आम्ही निवृत्त शिक्षक विनामानधन बसायला तयार आहोत. तोवर निदान टॅबवर मातृभाषा आणि शाळेची वर्षं यांच्या दोन चौकटी ठेवा, चुकलेली नोंद दुरुस्त करण्याची सोय द्या, आणि डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय 'शंका' हा शब्द छापलेली चिठ्ठी कोणाच्या हातात देऊ नका.

कारण ती चिठ्ठी घरी येते. माझा भाऊ रात्री गॅसचा रेग्युलेटर काढून ठेवू लागला. भाजीवाल्याचे पैसे आई मोजायची, ते तिने सोडून दिलं. पुढे मराठी जाणणाऱ्या एका डॉक्टरांनी तिला सावकाश, मराठीत पुन्हा तपासलं. २७ गुण आले. आम्ही सगळ्यांनी तिला ते चारचारदा सांगितलं.

तरीही रोज सकाळी पेपर उघडला की ती आधी तारीख मोठ्याने वाचते आणि माझ्याकडे बघते, बरोबर आहे ना म्हणून.

आपली नम्र,
एक निवृत्त प्राध्यापिका
रामबाग, इंदूर