मॅडम, माझा ‘मी येतो’ तुम्ही पुसला नाही

कोल्हापूर

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

आकाशवाणी कोल्हापूरच्या तुमच्या निरोपाच्या कार्यक्रमाला मी आले होते, पण बोलले नाही. माझ्या आधी सात-आठ जण बोलले. माझी पाळी आली तेव्हा गळा भरून आला आणि नुसता नमस्कार करून मी जागेवर जाऊन बसले. माइकसमोर बोलायला जिनं शिकवलं, तिच्यासमोरच शब्द फुटेना. म्हणून हे पत्र. उघड लिहितेय, कारण तुम्ही जे केलंत ते माझ्या एकटीपुरतं नव्हतं. तुमचं नाव मात्र घालत नाही. ‘कार्यक्रमात निर्माता ऐकू येता कामा नये’ हे तुमचं वाक्य मला पाठ आहे.

आमचं गाव प्रयाग चिखली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आम्ही जनावरं घेऊन सोनतळीला आलो होतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. वीज नाही, मोबाईल बंद पडलेले, शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली. आजोबांकडं सेलवर चालणारा रेडिओ होता. पत्र्याच्या शेडमध्ये, म्हशींच्या पलीकडच्या कोपऱ्यात, वीस-पंचवीस माणसं त्याच्याभोवती बसायची. १०२.७ एफएमवर, म्हणजे आपल्या आकाशवाणी कोल्हापूरवर, एक मुलगी बोलत होती, आवाजावरून माझ्याच वयाची. ती घाबरवत नव्हती आणि उगाच धीरही देत नव्हती. किती फूट, किती इंच, कुठला रस्ता बंद, एवढंच. आणि आकडा दोनदा सांगायची.

‘बरं सांगत्या ही पोरगी,’ आजोबा म्हणाले.

आजोबांनी असं कौतुक आम्हा नातवंडांचंही कधी केलं नव्हतं. मला वाटलं, हे काम मला यायला पाहिजे.

पण त्याच्या दोन वर्षं आधी माझं बोलणं बंद झालं होतं. अकरावीत वक्तृत्व स्पर्धेला उभी राहिले होते. बक्षिसांच्या वेळी एका परीक्षकांनी माइकवरूनच सांगितलं, मुद्दे चांगले आहेत, पण मुलगी असून ‘मी आलो, मी केलो’ काय म्हणते? आधी जरा शुद्ध बोलायला शीक. सगळं सभागृह हसलं. आमच्याकडं आजी, आई, मावशी सगळ्या ‘मी येतो’, ‘मी जेवलो’ असंच म्हणतात. कोल्हापूरच्या बाहेर कुणाला ते नवल वाटत असेल, आम्हाला त्यात काही वेगळं आहे हेच माहीत नव्हतं. त्या दिवसापासून मी वाक्यं अशी फिरवायला लागले की त्यात ‘मी’ यायलाच नको. ‘जायचं आहे’, ‘करून झालं’, ‘आपण बघू’. तीन वर्षं मी अशी बोलले. घरच्यांनाही कळलं नाही.

कॉलेजच्या फलकावर आकाशवाणीच्या ‘युववाणी’ या तरुणांच्या कार्यक्रमाच्या आवाज चाचणीची सूचना लागली तेव्हा मी याच अवस्थेत अर्ज भरला. पहिल्या चाचणीत मी नापास झाले आणि ते बरोबरच होतं. कागद खडखडत होता, तिसऱ्या ओळीला धाप लागली होती आणि ‘प’ आला की माइकवर फटका बसत होता. तुम्ही मात्र बाहेर येऊन विचारलंत, ‘स्वतःचं ऐकायचंय का?’ तुमची जेवणाची सुट्टी होती. डबा बाजूला ठेवून तुम्ही मला आत नेलंत. ते जाड, जड दार मागं लागलं आणि बाहेरचा रस्ता, रिक्षा, पाऊस सगळं एकदम पुसून गेलं. तशी शांतता मी आधी कधी ऐकली नव्हती.

मग तुम्ही माझं ध्वनिमुद्रण लावलंत. ऐकून झाल्यावर विचारलंत, कुणाशी बोलत होतीस? मी म्हणाले, श्रोत्यांशी. ‘श्रोते म्हणजे कोण? एक माणूस सांग.’ मी आजोबांचं नाव घेतलं. ‘ते आत्ता काय करत असतील?’ म्हशीची धार काढत असतील, मी म्हणाले. ‘मग त्यांच्या हातात चरवी आहे, कान तेवढा मोकळा आहे. तुझं वाक्य पुन्हा वाचायला त्यांच्याकडं कागद नाही. एकदा ऐकून कळेल असं बोल.’

त्यानंतर दर शनिवारी. पानं स्टेपल करायची नाहीत, वाचून झालेलं पान उलटायचं नाही, अलगद सरकवायचं. तोंड माइकपासून वीतभर लांब आणि किंचित तिरकं. श्वासाच्या जागी पेन्सिलीनं एक रेघ, थांबायच्या जागी दोन. आकडा आला की वेग आपोआप उतरला पाहिजे. तुमच्या हातात तांबडी पेन्सिल असायची आणि माझ्या संहितेवर माझ्यापेक्षा तुमचं अक्षर जास्त असायचं.

‘मी’ टाळतेय हे तुम्ही तिसऱ्या शनिवारी पकडलंत. इतक्या वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मी सगळं सांगितलं तेव्हा तुम्ही परीक्षकांना नावं ठेवली नाहीत की माझी समजूतही काढली नाहीत. म्हणालात, निवेदन वाचताना, पाण्याची पातळी सांगताना प्रमाण मराठी, कारण ती शाहूवाडीपासून चंदगडपर्यंत सगळ्यांना सारखी कळली पाहिजे. ते काम आहे. पण स्वतःचं काही सांगताना तुझी भाषा. दोन्ही यायला पाहिजेत. एक आली म्हणून दुसरी टाकून द्यायची नाही.

मॅडम, ‘तुझी भाषा चांगलीच आहे’ एवढं म्हणून कुणीही मला खूश केलं असतं. तुम्ही दोन्हीकडची मेहनत करून घेतलीत. ‘श’ आणि ‘ष’ घोटून घेतलेत, ‘पाणी’तला ‘ण’ पन्नास वेळा म्हणायला लावलात, आणि वर माझी बोलीही सांभाळलीत.

आणि मग ते गुऱ्हाळ. युववाणीसाठी पंधरा मिनिटांचा कार्यक्रम करायचा होता. गावाकडचा एक एकोणीस वर्षांचा मुलगा वडिलांनंतर घरचं गुऱ्हाळ चालवत होता. मी संहिता लिहून आणली, पहिलीच ओळ होती ‘ग्रामीण अर्थव्यवस्थेत गूळ उद्योगाचे स्थान अनन्यसाधारण आहे’. तुम्ही पूर्ण पानावर एक आडवी रेघ मारलीत आणि म्हणालात, तिथं जा, आणि पहिली दोन मिनिटं कुणीच बोलायचं नाही, नुसता आवाज घ्यायचा.

मी आणि तो मुलगा काहिलीजवळ, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या कढईजवळ उभे होतो. पहाटेची वेळ, चुलवाणात चिपाडं पेटलेली. रस उकळतो तेव्हा आधी पातळ आवाज येतो, पावसाच्या पाण्यासारखा. मग तो रटरट होतो, आणि दाटत जाईल तसा जड, फदफद असा. गुऱ्हाळाशेजारी मी लहानाची मोठी झाले, पण आवाज बदलतो हे त्या दिवशी कानाला हेडफोन लावल्यावर पहिल्यांदा कळलं. गुळव्यानं थोडासा पाक गार पाण्यात टाकला, बोटांनी वळून बघितला, गोळी झाली. तो मुलगा म्हणाला, ‘आता उतरवायचा. अजून जरा थांबलं की करपला. बाबा हे बघून नव्हं, ऐकून सांगायचे.’

संकलनाच्या वेळी तुम्ही माझं निवेदन कापत कापत दीड मिनिटावर आणलंत. त्याचं ते वाक्य ठेवलंत आणि त्याच्यापुढं नुसती काहील वाजत ठेवलीत. शेवटी मी माझ्याच बोलीत म्हणाले होते, ‘हितनं निघताना मी एक ढेप घेऊन आलो.’ मला वाटलं, हे तुम्ही काढणार. तुम्ही हात वर केलात आणि म्हणालात, राहू दे.

कार्यक्रम लागला त्या संध्याकाळी आईनं रेडिओ ओट्यावर ठेवला होता. ‘घेऊन आलो’ ऐकलं आणि ती भाकरी थापायची थांबली. ‘अगं, हे आपल्यासारखंच बोललीस की,’ म्हणाली. पुढं काही बोलली नाही. तवा तापत राहिला.

नंतर कधीतरी तुम्ही सांगितलंत की युववाणी दिल्लीहून २१ जुलै १९६९ ला सुरू झाली, पंधरा ते तीस वयाच्या मुलांसाठी, त्यांनीच बोलावं म्हणून. म्हणजे माझ्या आईच्या जन्माआधीपासून सरकारी रेडिओ पोरांना माइक देतोय. आजी सांगायची, कोल्हापूरला केंद्र नव्हतं तेव्हा सांगली लागायची, १९६३ पासूनची ती मध्यम लहरींवरची सांगली. तेव्हाही कुठल्यातरी गावचा मुलगा पहिल्यांदा कवितेचा कागद घेऊन एसटीनं सांगलीला गेला असेल आणि कुणीतरी त्याची पानं सुटी करून दिली असतील.

माझ्याबरोबरचा तबलावादक तुम्हाला आठवतो ना? त्याची आकाशवाणीची ऑडिशन. घरात गाण्याबजावण्याचं कुणी नाही, वडील एमआयडीसीत कामाला. ‘बी’ ग्रेड मिळाली त्या दिवशी त्यानं ते पत्र प्लॅस्टिकच्या कागदात घालून खिशात ठेवलं होतं. शाहू महाराजांच्या दरबारात गायक अल्लादिया खाँसाहेब गायले त्या गावात तबल्याला दाद देणारे पुष्कळ आहेत. पण ओळखदेख न बघता, नुसतं वादन ऐकून दिलेला एक अधिकृत शिक्का कामगाराच्या पोराच्या खिशात असणं वेगळं. नातेवाइकांनी त्यानंतर त्याला ‘नोकरीचं काय’ विचारणं कमी केलं.

माझा पहिला मानधनाचा चेक आला तेव्हा रकमेपेक्षा मी कितीतरी वेळ त्या करारपत्राकडं बघत होते. त्यावर माझं नाव, कार्यक्रमाचं नाव, मिनिटं. बोलण्याचे पैसे मिळतात आणि ते हिशेबात धरले जातात, हे आमच्या घरात कुणाला माहीत नव्हतं. आज सगळ्या पोरांच्या हातात मोबाईल आहे, बोलायला जागा भरपूर आहे, आणि ते चांगलंच आहे. पण रील टाकली की दाद मिळते, ‘हे वाक्य काढ’ म्हणणारं कुणी मिळत नाही. जाहिरातीवर चालणाऱ्या चॅनेलनं गुऱ्हाळाच्या आवाजाला दोन मिनिटं का द्यावीत? त्यांचं गणित निराळं आहे. ती दोन मिनिटं आकाशवाणीच देऊ शकते, कारण ती लोकांच्या पैशावर चालते. म्हणून तुमच्या जागी जे येतील त्यांना माझी हात जोडून विनंती आहे: स्थानिक कार्यक्रमांची वेळ कमी होऊ देऊ नका, आणि नापास झालेल्या पोरांना त्यांचं ध्वनिमुद्रण ऐकवा.

गेल्या आठवड्यात भुदरगडकडची एक मुलगी आली होती. पहिलाच कार्यक्रम, हात थरथरत होते, पानं स्टेपल केलेली. मी पिना काढल्या, पानं सुटी केली, पेन्सिल दिली. ती म्हणाली, ‘ताई, मी घरात लई वेगळं बोलतो.’ मी म्हणाले, बोल की, मी पण तसंच बोलतो.

गुऱ्हाळं सुरू झाली आहेत. त्याच गुऱ्हाळातली पहिल्या आधणाची ढेप आईनं तुमच्यासाठी बाजूला काढून ठेवली आहे. रविवारी सकाळी आम्ही दोघी तुमच्या घरी येणार आहोत. चहा तेवढा गुळाचा करा.

येतो, मॅडम.

तुमची,
शनिवारची विद्यार्थिनी