वॉर्सात पुरून ठेवलेले दप्तर

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. नववीच्या वर्गातील काही मुले हिटलरच्या शिस्तीचे कौतुक करतात, म्हणून तू त्यांना ज्यूंच्या नरसंहाराची छायाचित्रे दाखवलीस, आणि त्यानंतर वर्ग इतका सुन्न झाला की पुढे काय बोलावे हे तुलाच सुचेना, हे वाचून मी बराच वेळ विचार करत राहिलो. ही छायाचित्रे मुलांना दाखवावीत की नाही, असे तू विचारले आहेस. माझ्या मते दाखवावीत, पण त्यांनी सुरुवात करू नये. कारण त्यांतली पुष्कळशी मारेकऱ्यांनीच काढलेली आहेत. हात वर करून उभ्या असलेल्या, पोलंडची राजधानी वॉर्सा येथील त्या लहान मुलाचे जगप्रसिद्ध छायाचित्र घे. तिथल्या ज्यूंचा १९४३ चा उठाव चिरडणारा, नाझींच्या एसएस या सशस्त्र संघटनेतील अधिकारी श्ट्रोप याने आपली कामगिरी वरिष्ठांपुढे मांडण्यासाठी जो अहवाल तयार केला, त्यातले ते आहे. आपण नकळत त्याच्याच नजरेने त्या मुलाकडे पाहत असतो.

म्हणून मला तुला वॉर्सातल्याच दुसऱ्या एका संग्रहाविषयी लिहायचे आहे. नोव्हेंबर १९४० मध्ये जर्मनांनी शहरातील चार लाखांहून अधिक ज्यूंना भिंतीआड कोंडले, त्याच महिन्यात इमानुएल रिंगेलब्लुम या इतिहासकाराने आपल्या सहकाऱ्यांना गुप्तपणे एकत्र आणले. ही मंडळी शनिवारी भेटत, म्हणून त्यांनी गटाला ‘ओनेग शब्बात’, म्हणजे शब्बाथाचा (ज्यूंच्या शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाचा) आनंद, असे सांकेतिक नाव दिले. त्यांत शिक्षक होते, लेखक होते, अर्थशास्त्रज्ञ होते. त्यांनी प्रश्नावल्या तयार केल्या, निर्वासितांच्या मुलाखती घेतल्या, शाळकरी मुलांचे निबंध मिळवले, आणि त्यांच्या जोडीला शिधापत्रिका, ट्रामची तिकिटे, मैफलींची निमंत्रणे, चॉकलेटची वेष्टनेसुद्धा जपून ठेवली. उपासमारीने रस्त्यावर माणसे मरत असताना चॉकलेटचे वेष्टन का जपावे, हा प्रश्न तू वर्गात अवश्य विचार. माझे उत्तर असे की, आपण कसे मेलो याच्याइतकेच आपण कसे जगत होतो हेही नोंदले जावे, अशी त्या इतिहासकाराची जिद्द होती. आणि पुढे कोणता कागद मोलाचा ठरेल हे आज सांगता येत नाही, हेही तो जाणून होता. हे काम केवळ भविष्यासाठी नव्हते. हेउमनो येथील छावणीत माणसांना वायूने मारले जात असल्याची साक्ष तिथून निसटलेल्या एका कैद्याने १९४२ च्या आरंभी याच गटाला दिली, आणि पोलिश भूमिगतांच्या मार्फत ती वार्ता लंडनपर्यंत पोचवली गेली.

जुलै १९४२ मध्ये वॉर्सातील ज्यूंना ट्रेब्लिंका येथील मृत्युछावणीकडे नेणाऱ्या गाड्या सुटू लागल्या. ऑगस्टच्या सुरुवातीला इस्राएल लिख्तेनश्टाइन या शिक्षकाने आपल्या दोन तरुण विद्यार्थ्यांच्या मदतीने नोव्होलिपकी रस्त्यावरील एका शाळेच्या तळघरात कागदपत्रांनी भरलेल्या दहा पत्र्याच्या पेट्या पुरल्या. त्या विद्यार्थ्यांपैकी दाविद ग्राबर हा अवघा एकोणीस वर्षांचा होता. जे जगाला ओरडून सांगता आले नाही ते आम्ही जमिनीत पुरले, अशा अर्थाचे वाक्य त्याने आपल्या मृत्युपत्रात लिहिले. लिख्तेनश्टाइननेही पेटीत आपले पत्र ठेवले. आपली चित्रकार पत्नी गेला हिची आणि वीस महिन्यांची मुलगी मार्गालित हिची कुणीतरी आठवण ठेवावी, असे मागणे त्याने त्यात केले होते. सुधीर, हे पत्र मी जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा पुढचे वाचन थांबते.

फेब्रुवारी १९४३ मध्ये दुधाच्या दोन मोठ्या कॅनमध्ये दुसरा भाग पुरला गेला. रिंगेलब्लुमला पुढच्या वर्षी मार्च महिन्यात गोळ्या घातल्या. सुमारे साठ सदस्यांपैकी तिघे वाचले. त्यांपैकी हेर्श वासेर याला जागा ठाऊक होती, आणि राखेल आउअरबाख हिने हे दप्तर शोधलेच पाहिजे असा आग्रह धरला. सप्टेंबर १९४६ मध्ये विटांच्या डोंगराखालून पेट्या निघाल्या. त्यांत पाणी शिरले होते, म्हणून एकेक पान सोडवून वाळवावे लागले. दुधाचे कॅन डिसेंबर १९५० मध्ये सापडले. तिसरा भाग आजवर हाती आलेला नाही. मिळालेली सुमारे पस्तीस हजार पाने वॉर्सातील ज्यू इतिहास संस्थेत आहेत, आणि २०१७ पासून तिथे त्यांचे कायमचे प्रदर्शन आहे. पुढे जेरुसलेममधील याद वाशेम या स्मारक संस्थेत, संहारातून वाचलेल्यांच्या साक्षी गोळा करणारा विभाग आउअरबाखनेच उभा केला. तेव्हा या स्मृतीचे जतन युद्धानंतर संग्रहालयांनी सुरू केले असे आपण मुलांना शिकवू नये. ज्यांना मारले जात होते त्यांनीच ते सुरू केले, आणि संग्रहालयांनी ते पुढे चालवले.

आता संहार प्रत्यक्ष अनुभवलेली माणसे फार थोडी उरली आहेत. यापुढे शिक्षकाला कागदांवरच भिस्त ठेवावी लागेल, म्हणून कोणता कागद आधी हातात द्यायचा हे महत्त्वाचे आहे. तू पुढचा तास लिख्तेनश्टाइनच्या पत्राने सुरू करावास असे मला वाटते. त्या पत्राचा आणि ग्राबरच्या मृत्युपत्राचा मी मराठी मसुदा केला असून तो सोबत पाठवत आहे. इंग्रजी अनुवादावरून केला असल्यामुळे तुझ्या शाळेतील भाषेच्या बाईंना एकदा दाखवून घे. मुलांनी काय विचारले ते मात्र सविस्तर कळव, विशेषतः ज्यांना शिस्तीचे कौतुक होते त्यांनी.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
अनिरुद्ध