जन्म नोंदणीच्या खिडकीतल्या ताईंना, भूतानच्या वाटेवरून

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या खिडकीतून जन्माचा दाखला घेऊन गेलेली तान्ही बाळं पासपोर्टशिवाय फुंटशोलिंग या सीमेवरच्या भूतानी शहराचं दार ओलांडून भूतानमध्ये जातात, आणि त्यांच्या आईवडिलांना तिथे कोणी अडवत नाही. त्यासाठी तुमचे आभार मानायला हे जाहीर पत्र लिहीत आहोत. आम्ही महाराष्ट्रातून लेकुरवाळ्या कुटुंबांना रस्त्याने भूतानला नेणारी मंडळी. सीमेजवळच्या हाशिमारा रेल्वे स्टेशनवर उतरलं की प्रवास सुरू झाला, असं लोक धरून चालतात. लहान बाळ सोबत असेल तर तो कितीतरी आधी, तुमच्या कार्यालयात सुरू झालेला असतो.

भूतानचा नियम थोडक्यात असा. प्रौढ भारतीयाकडे निदान सहा महिने मुदत शिल्लक असलेला पासपोर्ट हवा, नाहीतर मतदार ओळखपत्र. अठरा वर्षांखालच्या मुलाला पासपोर्ट किंवा इंग्रजीतला मूळ जन्मदाखला लागतो, आणि सोबत आई, वडील किंवा कायदेशीर पालक असावे लागतात. आधार कार्ड चालत नाही. बाळाचं निळं बाल आधार हौसेनं काढून घेतलेली कुटुंबं नेमकी इथेच फसतात. आधार हे रहिवाशाला मिळतं आणि ते नागरिकत्वाचा पुरावा नव्हे, असं आपला कायदाच सांगतो. मतदार ओळखपत्र मात्र नागरिकालाच मिळतं. नेपाळच्या बाबतीत पंधरा वर्षांखालच्या मुलांना आधार चालतं, त्यामुळे सुनौलीहून किंवा रक्सौलहून जाऊन आलेले नातेवाईक मनापासून चुकीचा सल्ला देतात. तुम्ही खिडकीवरच हा फरक सांगता, ही पहिली मोठी मदत.

दुसरी मदत नावाच्या रकान्याची. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी. प्रसूती दवाखान्यात झाली असेल तर माहिती दवाखानाच पाठवतो, बहुधा पहिल्या काही दिवसांत. बारसं बाराव्या दिवशी, कधी सव्वा महिन्यानं, आणि कागदावरचं नाव ठरायला त्याहूनही उशीर. म्हणून बहुतेक दाखले नावाविना निघतात. आईवडील तो कागद फाइलमध्ये ठेवून देतात आणि सीमेवर जाईपर्यंत बाळाच्या नावापुढची मोकळी जागा कोणाच्या लक्षातही येत नाही. भूतानच्या प्रवेश परवान्याच्या अर्जात मात्र नाव भरावंच लागतं, आणि अर्जातलं नाव दाखल्यात नसेल तर तो दाखला याच बाळाचा कशावरून, हा अधिकाऱ्याचा प्रश्न रास्तच असतो.

१९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १४ मध्ये यावर सोय आहे. नोंदणीपासून बारा महिन्यांच्या आत नाव घालायला शुल्क नाही, त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून घालता येतं. पालकानं तोंडी सांगितलं तरी चालेल, असं कायदा म्हणतो. व्यवहारात लेखी अर्ज, मूळ दाखला आणि आईवडिलांच्या ओळखपत्रांच्या प्रती लागतात. तुम्ही त्यावर एक पायरी वाढवली आहे. अर्ज घेण्याआधी तुम्ही पालकांना कोऱ्या कागदावर नावाचं इंग्रजी स्पेलिंग मोठ्या अक्षरांत लिहायला लावता आणि दोघांच्याही सह्या घेता. पत्रिकेतलं नाव एक, हाक मारायचं दुसरं, आत्यानं ठेवलेलं तिसरं, हा गुंता घरी सुटो न सुटो, तुमच्या खिडकीवर सुटावाच लागतो. एकदा शिरलेलं नाव पुढे बदलणं किती जिकिरीचं असतं हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक असणार!

आईच्या नावाबद्दल तर तुमचे आभार मानावे तितके थोडे. दवाखान्याच्या केसपेपरवर माहेरचं नाव, मतदार ओळखपत्रावर सासरचं, किंवा नेमकं उलट. आई एकटीच बाळाला घेऊन निघाली असेल तर ही विसंगती थेट अंगावर येते, कारण ओळखपत्रातली बाई आणि दाखल्यातली आई एकच आहे हे तिला परक्या देशाच्या दारात सिद्ध करायचं असतं. कलम १५ खाली दुरुस्ती होते, पण मूळ नोंद खोडली जात नाही. समासात दुरुस्ती लिहून त्यावर निबंधकाची सही आणि तारीख येते. यात वेळ जातो. म्हणून तुम्ही दाखला छापण्याआधीच आईचं ओळखपत्र समोर ठेवायला सांगता. जिथे दुरुस्तीला वेळच नसतो तिथे आम्ही विवाह नोंदणीचा दाखला सोबत ठेवायला सांगतो, त्यात दोन्ही नावं जुळलेली दिसतात.

तुम्हाला सर्वांत जास्त वेळ द्यावा लागतो तो चुकीच्या ठिकाणी आलेल्यांसाठी. नोंद जन्म झाला त्या ठिकाणी होते, राहत्या ठिकाणी होत नाही. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. मूल वाढतं पिंपरीत आणि नोंद असते औसा किंवा चिपळूणकडच्या नगरपालिकेत, नाहीतर एखाद्या ग्रामपंचायतीत. अशा पालकांना तुम्ही हात हलवत परत पाठवत नाही. कोणत्या कार्यालयात जायचं, नोंदणी क्रमांक आणि नोंदणीची तारीख दवाखान्याकडून कशी मागून घ्यायची, हे चिठ्ठीवर लिहून देता. नोंदणी क्रमांक हाताशी असला की रजिस्टर शोधण्यातला निम्मा वेळ वाचतो. दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड म्हणजे जन्मदाखला नव्हे, हेही तुम्ही न कंटाळता प्रत्येकाला सांगता.

जुन्या हस्तलिखित दाखल्यांवर इंग्रजी मजकूर नसतो किंवा अर्धवट असतो. फुंटशोलिंगच्या अधिकाऱ्याला मराठी वाचता यावं अशी अपेक्षा करणंच चूक. मराठी-इंग्रजी छापील प्रत नव्यानं काढून घेणं हाच उपाय. दाखला लॅमिनेट करू नका, पारदर्शक पाकिटात ठेवा, हा तुमचा सल्ला आम्ही जसाच्या तसा पुढे देतो, कारण प्लास्टिकखाली शिक्का आणि सही नीट पारखता येत नाही.

आता तुम्हाला न दिसणारी, सीमेवरची बाजू सांगतो. हाशिमाराहून जयगाव अठरा-वीस किलोमीटर. जयगाव भारतात, फुंटशोलिंग भूतानमध्ये, मध्ये दार. अर्ज ऑनलाइन भरता येतो, त्यात बाळाचाही फोटो आणि दाखल्याची प्रत जोडायची. तान्ह्या बाळाचा फोटो पांढऱ्या चादरीवर झोपवून वरून काढावा. धरणाऱ्याचा हात दिसला की फोटो परत येऊ शकतो. भूतान पाहुण्यांकडून मुक्कामाच्या रात्रींवर शाश्वत विकास शुल्क घेतं; प्रौढ भारतीयाला ते दर रात्री १,२०० रुपये पडतं, सहा ते बारा वर्षांच्या मुलांना निम्मं, आणि सहाच्या आतल्यांना माफ. शुल्क माफ म्हणून बाळाचं नाव अर्जातून गाळणारे पालक असतात. परवाना बाळालाही लागतोच, आणि ही माफी मिळते ती तुम्ही लिहिलेल्या जन्मतारखेच्या आधारावर. फुंटशोलिंग सोडून घाटाला लागलं की रिनचेंदिंगच्या नाक्यावर परवाने पुन्हा तपासतात, तेव्हा मूळ दाखला बॅगेच्या तळाशी नको, हाताशी हवा. भूतानचं घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास पुढे असतं. दूध, झोप आणि कार्यालयाची वेळ यांचा मेळ घालताना हे ध्यानात ठेवावं लागतं.

दोघांपैकी एकच पालक जात असेल तर दुसऱ्याचं नोटरी केलेलं संमतीपत्र आणि ओळखपत्राची प्रत आम्ही आवर्जून घ्यायला लावतो. आजी-आजोबा नातवाला नेणार असतील तर दोन्ही पालकांचं. मागतीलच असं नाही, पण मागितलं आणि नसलं तर अख्खं कुटुंब जयगावच्या हॉटेलात अडकतं, आणि दोन हजारांहून जास्त किलोमीटर मागे राहिलेल्या गावातून कागद मागवणं कोणालाही जमण्यासारखं नसतं.

जन्माची नोंदच राहून गेली असेल तर मात्र सहल पुढे ढकला, असं तुम्ही स्पष्ट सांगता, आणि ते योग्यच आहे. २१ ते ३० दिवसांत विलंब शुल्कावर भागतं, एक वर्षापर्यंत वरिष्ठांची लेखी परवानगी लागते, वर्ष उलटल्यावर दंडाधिकाऱ्यांचा आदेश. तिथे घाई करून उपयोग नाही. शिवाय १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेसाठी हाच दाखला दाखवावा लागणार आहे, त्यामुळे भूतानच्या निमित्तानं का होईना, तो बिनचूक झालेला बरा.

ताई, तुमच्या कामाची दखल घेणारं पत्र कार्यालयात क्वचितच येत असेल. रांग लांब, सर्व्हर बंद, समोर रडणारं बाळ, आणि तरीही तुम्ही प्रत्येक दाखल्यातली पाच नावं जुळवून पाहता: बाळ, आई, वडील, गाव, दवाखाना. आमच्याकडे येणाऱ्या पालकांना आम्ही आता हीच पाच नावं आधी तपासायला सांगतो आणि एकाऐवजी तीन प्रमाणित प्रती घ्यायला सांगतो: एक सीमेसाठी, एक घरी, एक पुढच्या पासपोर्टसाठी. या जादा प्रतींमुळे तुमचं काम वाढतं याची जाणीव आहे. अर्ज पूर्ण भरून, शुल्काची पावती जोडून आणि शक्यतो दुपारनंतर, गर्दी ओसरल्यावर या, एवढं आमच्याकडून प्रत्येक कुटुंबाला बजावलं जाईल.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपले कृतज्ञ,
महाराष्ट्रातून भूतानला कुटुंबं नेणारी मंडळी